काचेतली लाट

"नख अडकतंय," एल्पिदिओ म्हणाला.

"कुठं अडकतंय? माझं नाही अडकत." वेनान्सिओनं आपला जाडजूड अंगठा व्हॅनच्या पुढच्या काचेवरून फिरवला.

"तुझी नखं कुरतडलेली, पारे. तुला काय कळणार?"

दुकानातले सगळे हसले. मालक असून वेनान्सिओही हसला. बाकोलोद या बेटावरच्या गावातली माणसं गोड बोलण्यात अशी पटाईत की भांडण लागलं तरी बाहेरच्याला वाटावं, लग्नाचं बोलणं चाललंय. वेनान्सिओ तर त्यांच्यातही वरचा. एकोणीस वर्षांत त्यानं एल्पिदिओवर एकदाही आवाज चढवला नव्हता.

ओरखडा जाणार की नाही हे नख सांगतं. नख वरून घसरलं, तर गुलाबी पावडर पाण्यात कालवायची, मशीनवर लोकरीची चकती चढवायची आणि घासत बसायचं. तासा-दीड तासात काच कोरी होते. नख अडकलं, तर काच बदलायची. कारण घासून ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूची काच खाली जाते. खोल ओरखडा घालवला की तिथं खळगा होतो. वरून काच लख्ख दिसते, पण तिच्यातून पाहिलं की पलीकडचं सगळं लाटेवर असल्यासारखं डुलतं, आणि रात्री समोरून येणाऱ्या एका दिव्याचे दोन होतात.

या व्हॅनच्या वायपरचं रबर झिजून गेलं होतं आणि आधीच्या मालकानं तो तसाच चालवला होता. लोखंडानं काचेवर कमान कोरली होती, तीही नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

"नवी काच सेबूहून यायला आठवडा लागेल," वेनान्सिओ म्हणाला. "आणि ही व्हॅन विकत घेणाऱ्या दितास बाई आज अकरा वाजता ती न्यायला येतायत. मी शब्द दिलाय. तुझा हात फिरला की होईल रे, पारे."

"लाट येईल."

"येऊ दे थोडी. रोज काय त्या काचेतून सुईत दोरा ओवायचाय त्यांना?" त्यानं एल्पिदिओच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी कर."

झालं. या दोन शब्दांपुढं एल्पिदिओचं कधीच काही चाललं नव्हतं.

तो वेनान्सिओला 'पारे' म्हणायचा आणि वेनान्सिओ त्याला. एल्पिदिओच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला वेनान्सिओ धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तेव्हापासून दोघे एकमेकांचे पारे. हे नातं व्याह्यांपेक्षा घट्ट. व्याही निदान रुसतात तरी. मुलगी जन्माला आली तेव्हा गावात कमरेइतकं पाणी होतं. एल्पिदिओची बायको रेमेदिओस कळांनी तळमळत होती. वेनान्सिओनं दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकाची गाडी काढली, तिला उचलून आत ठेवलं आणि पाण्यातून थेट दवाखान्याच्या दारात नेलं. बाळ-बाळंतीण वाचली. गाडीचं इंजिन मात्र गेलं. गिऱ्हाइकाला त्यानं नवं इंजिन बसवून दिलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

न काढलेला तो विषयच एल्पिदिओच्या मानेवर बसला होता. वेनान्सिओनं एकदा जरी बोलून दाखवलं असतं, भर दुकानात टोमणा मारला असता, तर एल्पिदिओ त्याच दिवशी मोकळा झाला असता. पण हा माणूस नाताळला पहिला डबा त्याच्या घरी पाठवायचा. अशा माणसाला 'मी चाललो' कसं म्हणायचं?

आणि जायचं तर होतं. बेटाच्या पलीकडं, सान कार्लोसच्या बस-स्टँडजवळ मेहुण्यानं त्याच्यासाठी एक गाळा धरून ठेवला होता. फक्त काचेचं काम, आणि मालक तो स्वतः. मेहुण्यानं आज दुपारपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर गाळा टायरवाल्याकडं जाणार होता.

"आज सांग," सकाळी भातावर मासा वाढताना रेमेदिओस म्हणाली होती. "मागच्या वर्षीही सांगणार होतास. त्याच्या आधी ईस्टरला सांगणार होतास."

"ईस्टरला त्याची आई आजारी होती."

"त्याच्या घरात कोणी ना कोणी आजारी असणारच. माणसं आहेत ती. पिदिओ, तुझी जीभ मी काही उसनी घेऊ शकत नाही, नाहीतर मीच सांगून आले असते."

एल्पिदिओनं ओरखड्याच्या मागं, काचेच्या आतल्या बाजूनं मेणाच्या पेन्सिलीची खूण केली आणि मशीन सुरू केलं. गुलाबी पाणी हातांवर, शर्टावर, कानांत उडू लागलं. मधूनमधून तो थांबायचा, पाणी मारायचा, हाताची पाठ काचेला लावून पाहायचा. काच तापू द्यायची नाही, तापली तर तडकते. एकोणीस वर्षं तो लोकांचे ओरखडे पुसत आला होता: मांजरांचे, किल्ल्यांचे, रागावलेल्या बायकांच्या अंगठ्यांचे. काम चांगलं झालं की तिथं काम झालं होतं हेही कुणाला कळत नसे.

पावणेअकराला कमान नाहीशी झाली. तो आत चालवायच्या जागेवर बसला आणि समोरच्या विजेच्या तारेकडं पाहत मान हलवली. तार मध्येच वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्यानं डोळे मिटले. ही लाट आपणच जाणूनबुजून पाडलीय, आणि वरून कुणाला दिसू नये इतक्या सफाईनं, हे त्याला बरोबर कळत होतं. त्याची त्याला लाज वाटली.

दितास बाई ठरल्या वेळी आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात पर्स नव्हे तर सुईणीची काळी पिशवी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, काचेवरून तळवा फिरवला.

"इथं ओरखडा होता ना?"

"होता," वेनान्सिओ म्हणाला. "आमच्या पारेचा हात लागला की ओरखडे स्वतःच माफी मागून निघून जातात."

बाई हसल्या. "मला बाबा गाडी भरवशाची हवी. डोंगरातल्या वाड्यांवर जावं लागतं. आणि पोरं जन्माला येतात ती हमखास रात्रीच. दिवसा यायला त्यांना काय होतं, कुणास ठाऊक." मग त्या एल्पिदिओकडं वळल्या. "काय हो दादा, काच चांगली आहे ना?"

दुकानात पंखा फिरत होता. वेनान्सिओ नेहमीसारखा हसत उभा होता. त्या हसण्यात धमकीचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाई, जरा आत बसा," एल्पिदिओ म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "ती विजेची तार दिसते? तिच्याकडं बघा आणि मान हळूहळू हलवा."

बाई बसल्या. त्यांनी मान हलवली. एकदा, पुन्हा एकदा.

"अगं बाई! तार नाचतेय की!"

"रात्री दिवे नाचतील. काच बदलल्याशिवाय ही गाडी नेऊ नका. ओरखडा खोल होता. मी घासायला नको होता."

खरं सांगायचं तर यातलं अर्धं धाडस बाईंसाठी होतं, अर्धं स्वतःसाठी. आता वेनान्सिओ चिडणार. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं म्हणून ओरडणार, चालता हो म्हणणार. स्वतःहून निघून जाणाऱ्याला जग कृतघ्न म्हणतं, हाकलून दिलेल्याला नाही. एल्पिदिओ मान खाली घालून त्या एका शब्दाची वाट पाहत उभा राहिला. इतक्या आतुरतेनं त्यानं आजवर कशाचीच वाट पाहिली नव्हती.

वेनान्सिओचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो दोन्ही हात पसरून पुढं आला आणि त्यानं एल्पिदिओला सगळ्यांदेखत मिठी मारली.

"बघितलंत, बाई?" तो म्हणाला. त्यात नाटक नव्हतं. "हा माझा पारे! मी चुकत होतो, ह्यानं मला पापातून वाचवलं. माझं अन्न खातो, पण खोटं बोलत नाही. असा माणूस या गावात दाखवा मला! काच नवी बसेल, माझ्या खर्चानं. तोवर माझी गाडी घेऊन जा तुम्ही."

"देव भलं करो तुमचं," बाई म्हणाल्या. "दोघांचंही."

"मी जोवर आहे," वेनान्सिओ त्याच्या कानाशी म्हणाला, "तोवर हे दुकान तुझं. जितकं माझं, तितकं तुझं. कळलं?"

एल्पिदिओनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. वर्षानुवर्षं पाठ केलेलं, छोटंसं, दोन शब्दांचं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच उभं राहिलं. आता कोणत्या तोंडानं म्हणणार होता तो? आधी एका उपकाराचं ओझं होतं. आता दोन झाले होते.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना फोन वाजला. तो मागच्या नळापाशी गेला.

"काय ठरलं?" मेहुण्यानं विचारलं. "टायरवाला इथंच उभाय माझ्यापाशी."

"दे त्याला."

"सांगितलंस का मालकाला?"

"सांगितलं नाही. दे गाळा त्याला."

पलीकडं मेहुण्यानं टायरवाल्याला 'घे' म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "ताईला मी सांगू, की तू सांगशील?"

"मी सांगेन," एल्पिदिओ म्हणाला. हेही आपल्याच्यानं होईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. त्यानं हात धुतले. कोपरापर्यंत चढलेला गुलाबी रंग सगळा गेला नाही.

आत जेवणाचं टेबल मांडलं होतं. वेनान्सिओच्या बायकोनं भाजलेली कोंबडी पाठवली होती. दुकानातले सगळे बसले होते, पण कुणी जेवायला सुरुवात केली नव्हती. मालकाच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. आजवर तिथं कुणी कामगार बसला नव्हता.

"ये पारे, बैस. तुझ्यासाठी थांबलोय."

तो बसला. वेनान्सिओनं स्वतःच्या हातानं कोंबडीची मांडी तोडली, सगळ्यात मोठी, आणि त्याच्या ताटात भातावर ठेवली. सगळे कौतुकानं बघत होते.

"खा," वेनान्सिओ म्हणाला. "पोटभर खा."

एल्पिदिओ खाली बघून खाऊ लागला. ताट रिकामं होत आलं, की वेनान्सिओ पुन्हा वाढत होता.