पालथा पेला

मी एक वाफेचं इंजिन बोलतोय. दचकू नका, शिट्टी मारणार नाही. आत्ता माझी भट्टी थंड आहे आणि सांध्यांना नुकतंच तेल मिळालंय. पोट भरलं की माणसाला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, तसं आमचं तेल मिळाल्यावर होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, हातोड्यांचा मार खात झाला. माझ्या बॉयलरचे पत्रे दोन कारागिरांनी जोडले. एक आत शिरून खिळा धरायचा, दुसरा बाहेरून ठोकायचा. ठोकून ठोकून दोघांचे कान गेले होते. शेजारी बसून डबा खातानाही ते एकमेकांशी ओरडूनच बोलायचे, आणि लोकांना वाटायचं यांचं भांडण जुंपलंय. शेवटी रंगाऱ्यानं मला काळाभोर रंग दिला, कडेनं सोनेरी रेघ ओढली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "अरे, हा तर पैलवान दिसतोय!" तेव्हापासून मी पैलवान.

पैलवानाला खरं तर मालगाडी ओढायला द्यायची. पण माझं रूप बघून साहेब लोकांनी मला शाही गाडीला जुंपलं. तिचे डबे मरून रंगाचे, आत पाऊल बुडेल असे गालिचे. वाचायला एक खोली, पत्ते खेळायला एक खोली. एका डब्यात तर आंघोळीचा टबसुद्धा होता. धावत्या गाडीत टबात बसायची हौस माणसाला का असावी, हे मला अजून उमगलेलं नाही. घरी टब चालत नाही म्हणून असेल.

मी नावाजलो. माझं चित्र काडेपेटीवर आलं, कॅलेंडरवर आलं. ज्यांना कुठंच जायचं नसायचं अशी माणसंही मला बघायला फलाटावर यायची. आतले प्रवासी मात्र माझ्याजवळ फोटोपुरते यायचे. हात लावायचे आणि लगेच रुमालाला पुसायचे. मला राग नाही. काळं लागतंच.

माझी खरी परीक्षा घ्यायचा तो एक पाण्याचा पेला.

जेवणाच्या डब्यात अगदी शेवटच्या टेबलावर, खिडकीपाशी, बटलर एक काचेचा पेला ठेवायचा. काठोकाठ भरलेला, त्यावर एक थेंबही मावणार नाही इतका. त्या टेबलावर कुणाला बसवत नसत. गाडी मुक्कामाला पोचली की बटलर तो पेला ट्रेमध्ये घेऊन अख्खा फलाट चालत माझ्यापर्यंत यायचा. पाणी सांडलं नसेल तर ते ड्रायव्हरनं प्यायचं. आणि सांडलं असेल, तर बटलर पेला पालथा घालून आणायचा. बोलायचं काही नाही. पालथा पेला दाखवायचा आणि परत जायचं. एका ड्रायव्हरनं तसा पेला बघितला आणि दुसऱ्याच दिवशी मालगाडीवर बदली मागून घेतली.

माझ्या ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणायचे. बोटं जाड, पण वाफ सोडायचा माझा दांडा तो असा सरकवायचा, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय. नव्या पोरांना सांगायचा, "डबे झोपलेले असतात. झोपलेल्याला कुणी हात धरून ओढतं का? आधी हळूच हाक मारायची. तो हूं म्हणाला की मग उठवायचं." तो आधी मला इंचभर पुढे घ्यायचा, डब्यांच्या साखळ्या एकेक करून ताणल्या जायच्या, आणि मग गाडी हलायची. आतल्या माणसांना वाटायचं, फलाटच मागे चाललाय.

आणि बटलर? उंच, सडपातळ, ताठ. हातात छत्री असली तरी ट्रे धरल्यासारखी धरायचा. रोज भरलेला पेला घेऊन यायचा. उस्ताद एका दमात पाणी संपवायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "पाणी जरा कोमट होतं."

"तुमचं इंजिन तापट आहे," बटलर म्हणायचा, "त्याला मी काय करू?"

इतकंच. रोज तेच. पण दिवसभराच्या धावपळीनंतर ही दोन वाक्यं ऐकली की माझ्या बॉयलरचीही धडधड शांत व्हायची.

मग डिझेलची इंजिनं आली. आमची शेवटची फेरी ठरली. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत माणसं मला निरोप द्यायला थेट रुळांवर उतरली. उस्तादला ब्रेक लावावा लागला. जपूनच लावला, पण लावला. माझ्याही अंगातून एक झटका गेला, तो मला आठवतो.

मुक्कामाला फोटोवाल्यांची झुंबड होती. त्या गर्दीतून ट्रे डोक्यावर धरून बटलर आला. त्यानं ट्रे खाली घेतला.

पेला पालथा होता.

उस्तादनं बघितलं. चिंध्यांना हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. आणि फलाट सोडून पलीकडच्या बाजूनं खाली उतरून गेला. फुलांचा गुच्छ घेऊन उभे असलेले साहेब त्याला शोधतच राहिले.

मला एका कचेरीपुढच्या बागेत, चौथऱ्यावर नेऊन ठेवलं. दरवर्षी तपासणीला मोठे साहेब यायचे असले की रंगारी यायचा आणि मला रंग फासायचा. चाकं, नळ्या, पितळी घंटा, पाणी दाखवणारी काच, त्याला सगळं सारखंच. एकदा तर माझ्या दांड्यावर कुणी विसरलेला हातरुमालही त्यानं जागच्या जागी रंगवला. धुराड्यात पारव्यांनी संसार थाटला.

संध्याकाळी उस्ताद आणि त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे. बटलर पलीकडच्याच गल्लीत राहायचा. भाजीच्या दुकानात समोरासमोर आले तर एक जण कांदे निवडायला लागायचा, दुसरा बटाटे.

"जाऊन बोला ना त्यांच्याशी," काकू म्हणायच्या.

"काय बोलू? त्यानं त्याचं काम केलं. खोटं पाणी भरून आणलं असतं तर मी त्याच्या तोंडावर ओतलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. हात गेले माझे. नेमके शेवटच्या दिवशी गेले."

काकू पिशवीतून लोकरीचं विणकाम काढायच्या. "पेलाभर पाण्यात एवढा मोठा माणूस बुडतो, हे मी पहिल्यांदाच बघतेय."

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की उस्ताद, हात तुमचे गेले नसतील हो, तो झटका माझा असेल! पण भट्टीत आग नसली की आमची शिट्टीही मुकी. तो स्वतःला दोष द्यायचा, मी स्वतःला. बरीच वर्षं आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो.

मग एक दिवस एक तरुण बाई आली. अंगात निळा डगला, खिशात पाना. ती फिटर होती. तिनं माझ्या पोटावर हातोडीनं टकटक केलं, कान लावला, आणि बरोबरच्या साहेबांना म्हणाली, "साहेब, हा मेलेला नाही. रंगाखाली झोपलाय."

शाही गाडी पुन्हा सुरू करायची होती. साहेबांचा बेत असा, की मी पुढे नुसता धूर सोडायचा आणि मागून डिझेलनं ढकलायचं. ऐकून माझ्या अंगावर गंजाचा काटा आला. फिटरबाई म्हणाली, "आधी बॉयलर तपासू. नापास झाला तर लावा डिझेल."

माझ्या पोटात दाबानं पाणी भरलं. कुठं एक थेंब गळला तरी माझं नाटकातलं सोंग होणार होतं. फिटरबाई बॅटरी घेऊन माझ्याभोवती फिरली, खाली झोपली, पुन्हा फिरली. मग उठली आणि माझ्या अंगावर थाप मारून म्हणाली, "कोरडा ठणठणीत! त्या रंगाऱ्याचे पाय धरायला हवेत. रंगाचे इतके थर आहेत की गंजाला आत शिरायला वाटच मिळाली नाही." मी मनातल्या मनात त्या रंगाऱ्याची माफी मागितली.

दांडा धरायला उस्तादला बोलावलं. भट्टी फिटरबाई सांभाळणार होती. शेवटच्या फेरीच्या प्रवाशांपैकी जे सापडले, त्यांनाही आमंत्रणं गेली. आणि बटलरही आला. त्याच्या जुन्या कोटाच्या बाह्या आता लांब होत होत्या, पण पाठ तशीच ताठ. तो शेडमध्ये येऊन माझ्या पायरीशी उभा राहिला.

"ठेवू का?" त्यानं विचारलं.

उस्तादनं तेलाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाला, "ठेवा. काठोकाठ ठेवा. माझे हात तेव्हा गेले होते की नव्हते, हे एकदाचं कळू दे. म्हणजे मी सुटलो."

"आणि सांडलं तर?"

"तर पालथा आणा. तुम्ही दुसरं काही आणणार नाही, हे मला ठाऊक आहे."

आम्ही निघालो. उस्तादनं मला इंचभर पुढे घेतलं, साखळ्या एकेक करून ताणल्या, आणि फलाट मागे सरकू लागला. काकू फलाटावर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, त्यासुद्धा अलगद मागे गेल्या. चढावर माझी छाती भरून आली, पण फिटरबाईनं भट्टीला उपाशी ठेवलं नाही. "काका, घाम पुसा की," ती म्हणाली. "उतरल्यावर," उस्ताद म्हणाला आणि दांड्यावरचा हात काढला नाही. वळणं आली, पूल आला, उतार आला. मी प्रत्येक सांध्यावरून असा गेलो, जसं कुणी झोपलेल्या घरातून चपला हातात घेऊन जातं.

मुक्काम आला. थांबताना झटका नाही. उस्ताद खिडकीतून वाकून मागे बघू लागला.

लांबून बटलर येताना दिसला. ट्रे नेहमीसारखा हातात. पण मान खाली.

पेला पालथा होता.

उस्तादनं चिंध्या उचलल्या आणि हात पुसायला लागला. फिटरबाई फावडं हातात धरून तशीच उभी.

इतक्यात बटलरच्या मागून एक आजी लगबगीनं आली. "अहो, अहो कोटवाले! तो पेला कुठं घेऊन चाललात? माझी दुसरी गोळी राहिलीय घ्यायची!"

बटलर थांबला. "तुमची गोळी?"

"मग! एक घेतली, दुसरी पर्समध्ये सापडेना. सापडली तोवर तुम्ही पेला उचलून चालू लागलात."

"म्हणजे ह्यातलं पाणी…"

"मी प्यायले. समोर भरलेला होता, म्हटलं कुणाला कशाला त्रास द्या. किती भरता हो पण! उचलायची सोय नाही. मी आधी वाकून तोंड लावलं, मग उचलला."

"आणि पालथा कुणी घातला?" हे उस्तादनं वरून विचारलं.

"मीच घातला. पाणी पिऊन झाल्यावर पेला उघडा ठेवायचा होय? माशी बसते. आमच्या आईची शिस्त होती तशी." आजीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. "असं काय बघताय? मागच्या खेपेलाही हेच केलं होतं, तेव्हा नाही कुणी असं बघितलं."

"मागची खेप कुठली?" फिटरबाईनं विचारलं.

"ह्याच गाडीची शेवटची फेरी. नुकतंच लग्न झालेलं माझं. कुठंच जागा नव्हती, म्हणून मला त्या शेवटच्या टेबलावर बसवलं. आज मुद्दाम तीच जागा मागून घेतली. तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण हातमोजे घातलेल्या माणसांकडे पाणी मागायचं कसं? मग गाडीनं ब्रेक लावला, सगळे खिडक्यांकडे धावले. कुणी बघत नाही असं बघून मी प्यायले, रुमालानं पुसला, आणि पालथा घातला."

"ब्रेक लावल्यावर?" उस्तादनं विचारलं. "नक्की ब्रेक लावल्यावर? तोवर भरलेला होता?"

"काठोकाठ."

बटलरनं ट्रे माझ्या पायरीवर ठेवला. एवढ्या वर्षांत त्याचा ट्रे असा वेडावाकडा टेकलेला मी पहिल्यांदाच बघितला. "टेबलावरचं कापड कोरडं होतं," तो हळूच म्हणाला. "तेव्हाही कोरडंच होतं. मला वाटलं, टेबलं पुसणाऱ्या पोऱ्यानं सांडलेलं बघून कापड बदललं आणि पेला पालथा घातला. मी विचारलंसुद्धा नाही, आणि आजही तसाच उचलला."

उस्ताद पायरीवर बसला. हसत होता की रडत होता, वाफेत नीट दिसत नव्हतं. ती वाफ माझीच. मी ती जरा मुद्दामच सोडली होती. मोकळं मलाही व्हायचं होतं.

मग त्यानं आजीला विचारलं, "पाणी कसं होतं हो?"

आजीनं जरा विचार केला. "खरं सांगू? जरा कोमट होतं."

उस्तादनं बटलरकडे बघितलं. बटलरनं कोट नीट केला, पाठ ताठ केली.

"इंजिन तापट आहे," तो म्हणाला, "त्याला मी काय करू?"

आता मी शेडमध्ये असतो. रोज नाही, पण हवा चांगली असली की मला बाहेर काढतात. शेवटच्या टेबलावर हल्ली दोन पेले असतात, एक ड्रायव्हरचा आणि एक तहानलेल्या माणसाचा. उस्तादनं दांडा फिटरबाईच्या हातात दिलाय. पहिल्याच फेरीत तिनं पाणी सांडलं, पण थोडंच. तो आणि बटलर संध्याकाळी एकाच बाकावर बसतात आणि भाजीच्या दुकानात कांद्याबटाट्यांवरून मोठमोठ्यानं वाद घालतात. काकू म्हणतात, "पूर्वीची शांतता बरी होती." पण म्हणताना हसतात.

मी आता थकलोय, आणि थकायला हरकत नाही असं वाटतंय. तुम्ही कधी माझ्या गाडीत आलात तर खुशाल टबात बसा, खुशाल फोटो काढा, हात काळे झाले तर माझ्याच अंगाला पुसा. एवढंच मागणं आहे, की तुमच्यासमोर कुणी पालथा पेला आणून ठेवला, तर लगेच मान खाली घालू नका. आधी टेबलावरच्या कापडाला हात लावून बघा.