पुसला गेलेला ग्रह

मोनालीने ग्रह शोधला तो मंगळवारी दुपारी, घरच्या लॅपटॉपवर, पाठीवरचं दप्तर न काढता. बुधवारी सकाळी ही बातमी समता कॉलोनीतल्या दूधवाल्यालाही माहीत होती, कारण ती पसरवायला खुद्द मोनालीच फिरली होती.

झालं होतं असं, की निरंजन सरांनी अकरावीच्या पोरांना कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीचे फोटो वाटले होते. प्रत्येकाला आकाशाच्या एकेका तुकड्याचे चार फोटो, थोड्याथोड्या वेळाने काढलेले. त्यात आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. चार फोटो एकामागून एक बघायचे. ताऱ्यांमधून जो ठिपका सरकेल तो लघुग्रह. जितका हळू सरकेल तितका लांबचा. गटप्रमुख होता स्वानंद. त्याने शाळेतल्या कॉम्प्युटरवर तीन लघुग्रह धरले होते, आणि तेव्हापासून तो असा चालायचा जणू ते त्यानेच वर टांगलेत. मोनालीला म्हणाला होता, "तुझसे नहीं होगा."

आता मोनालीचा ठिपका सरकत होता जेमतेम केसभर. म्हणजे नेपच्यूनच्याही पार पलीकडचा! सरांनी तिचे आकडे दोनदा तपासले आणि हा लघुग्रह नाही, ग्रहच असावा, असं दबक्या आवाजात सांगितलं. सगळ्यांनी शोधलेल्या ठिपक्यांची यादी गुरुवारी पाचला तपासणीसाठी बाहेर पाठवायची होती. शनिवारी नवा रायपूरच्या विज्ञान मेळाव्यात मंचावर स्वानंदऐवजी मोनाली बोलणार होती. तिचं भाषण पाठ होतं. त्यात स्वानंदचे आभार होते, पण वेळ उरला तर.

आईने एवढंच विचारलं, की आधीचे नऊ ग्रह त्रास द्यायले कमी पडून राहिले होते काय.

गुरुवारी चारला मोनालीने शेवटचं दर्शन घ्यायला लॅपटॉप उघडला. ग्रह गायब. चारही फोटोंतून गायब. आई ओल्या फडक्याने फ्रिज पुसत होती.

"आई, तू लॅपटॉपले हात लावला?"

"हव. आज तोही पुसला. बोट लावलं तं बोट काळं. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांचा धूर दिवसातून दोनदा पुसाव लागते, माहीत नाही का तुले?"

मोनालीने चारही फोटो पुन्हा एकामागून एक फिरवले. फोटो जरा इकडेतिकडे सरकलेले होते. तारे हलत होते आणि काजळीचा कण काचेवर ठाण मांडून होता. म्हणजे सूर्यमालेचा नवा सदस्य स्पंज आयर्नच्या भट्टीतून आला होता.

"मले वाटलं धूळ आहे," आई जरा ओशाळून म्हणाली.

"धूळच होती."

गप्प बसणं सोपं होतं. यादीचं उत्तर यायला महिने लागणार. तोवर शनिवार होऊन गेला असता, पेपरात तिचा फोटो छापून आला असता. तिने आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. "मी स्वतः पाहिलं" या वाक्याशी ती अडकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडकली. काल हेच वाक्य तिने एवढ्या जोरात म्हटलं होतं की शेजारचं कुत्रं भुंकलं होतं. तिने आरशाला जीभ दाखवली आणि सरांना फोन लावला.

सगळं ऐकून सरांनी स्वानंदचे तीन लघुग्रह पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाले, "मोनाली, शाळेतले स्क्रीन कोणी पुसतं का गं?"

कोणीच नाही. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा सफाईवाल्या कुसुमताईंना शाळेचा हुकूमच होता.

साडेचारला मोनाली सायकल दामटत शाळेत पोचली, फडकं घेऊनच. सरांनी स्वानंदलाही बोलावून घेतलं होतं; त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. पहिला लघुग्रह एका फटक्यात निघाला. दुसरा जरा चिवट होता, त्याला दोनदा घासावं लागलं. मोनालीला उकळ्या फुटत होत्या.

"धीरे पोंछ ना, दीदी," स्वानंद पुटपुटला. वर्गातली मुलगी त्याच्यासाठी एकदम दीदी झाली होती.

तिसरा निघेना. तिने काचेवर वाफ सोडली, घासलं, नखाने खरवडलं. ठिपका काही हटेना. सरांनी चारही फोटो पुन्हा फिरवले. ताऱ्यांमधून तो सरळ रेषेत, शहाण्यासारखा चालत होता.

"हा खरा आहे," सर म्हणाले. "पाचला दहा कमी आहेत. ग्रह खोड आणि हा लिही, मोनाली."

तिने ओठ आवळून आपला ग्रह खोडला. मग 'शोधणारा: स्वानंद' असं टाइप केलं. मग त्याच्या खाली, फॉर्ममध्ये तशी जागाच नव्हती तरी, लिहिलं, 'पुसून पाहणारी: मोनाली', आणि सरांनी तोंड उघडायच्या आत पाठवून दिलं.