स्टिकरखालचा पिवळा दिवा

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सहा वाक्यं सांगितली. अय्यूब मिस्त्रीने त्यांतलं एकच महागावला आणलं.

त्याची बायको रहमतबी हिच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. किमोचे तीन डोस झाले तरी ती हवी तेवढी आटली नव्हती. बाईंनी कागदावर एक गोल काढून समजावलं होतं. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या तिला पुरत नाहीत. म्हणून तिच्या मधोमध ऑक्सिजन कमी पडतो. औषधही तिथवर नीट पोचत नाही. तिथल्या पेशी मरत नाहीत, मंदावतात आणि दबून बसतात. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं, दबलेल्या मात्र वाचतात आणि पुढे त्याला दाद देत नाहीत. तेव्हा औषध बदलू, पण चौथ्या डोसची तारीख चुकवू नका.

अय्यूबने आणलेलं वाक्य होतं, मधोमध ऑक्सिजन कमी पडतो.

तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलणाऱ्या माणसाला याहून जास्त ऐकायची गरज वाटत नाही. ट्रॅक्टर काळा धूर मारतो, ओढत नाही, म्हणजे एअर फिल्टर चोंदला. फिल्टर साफ करा, गाडी हाती द्या. "एवढी शिकलेली बाई," तो गॅरेजात येईल त्याला सांगू लागला, "हवा कमी आहे तं औषध कायले बदलते? हवा द्या ना."

हवा द्यायला पुसदला अतुल सर बसलेच होते. कोरोनात ते घरोघर सिलिंडर पोचवत. लाट ओसरली तेव्हा हाती तीन ऑक्सिजन मशिनी आणि एक पांढरा कोट उरला. त्यांनी दोन्ही वाया जाऊ दिलं नाही. 'प्राणसंजीवन केंद्र' अशी पाटी लागली. एका स्थानिक पेपराने त्यांची जाहिरात बातमीच्या मापात छापली आणि ती जाहिरात आहे हे सांगायचं राहून गेलं. सर डॉक्टर नव्हते आणि स्वतःला तसं म्हणवतही नसत. लोक म्हणत, तेव्हा अडवत नसत, एवढंच.

"एकवीस बैठका," सर म्हणाले. "तोवर किमो बंद. शरीरात विषही सोडायचं आणि प्राणवायूही, असं चालत नाही."

चौथी तारीख गेली. नागपूरहून फोन आला. अय्यूबने पुढच्या सोमवारचा वायदा केला आणि सोमवारपर्यंत गाठ विरघळलेली असेल, असं घरात सांगून टाकलं.

रहमतबी रोज एसटीने पुसदला जायची, नाकात नळी लावून तासभर बसायची. सहाव्या दिवशी अय्यूब सोबत गेला, तेव्हा मशीनचा आवाज त्याच्या कानाला खटकला. त्याने वाकून पाहिलं. पुढच्या बाजूला कमळाचं गोल स्टिकर होतं. नखाने उचकटलं, तर खाली पिवळा दिवा जळत होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'ऑक्सिजन कमी'.

"सर, हे काय?"

"त्या दिव्याने पेशंटला टेन्शन येतं," सर म्हणाले.

दुसऱ्या कुणी बायकोला उठवून घर गाठलं असतं. अय्यूबने पिशवीतून पेचकस काढला.

मशीनचा फिल्टर धुळीने लिंपला होता, आतली नळी चिरली होती, वॉल्व गळत होता. सहा दिवस रहमतबीने नळीतून पुसदचीच हवा घेतली होती, आणि ती तर एसटी स्टँडवरही मिळते. अय्यूबने दुपार घालवून सगळं खोललं, स्वतःजवळचा वॉल्व घासून बसवला. दिवा हिरवा झाला. सरांनी चहा मागवला आणि मिस्त्रीचा मशीनसोबत फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी रहमतबीने पर्समधून ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायची क्लिप काढली. कोरोनापासून ती पर्समध्येच होती. बसण्याआधी अठ्ठ्याण्णव, तासाभराने नव्व्याण्णव.

"सैफचे अब्बा," ती म्हणाली, "काल अख्खी दुपार घातली तुमी. एक पॉइंट वाढला."

"वाढला ना?"

"नळी लावायच्या आधीही अठ्ठ्याण्णव होतेच. माझ्या रक्तात कमी होतीच कुठं?"

अय्यूब म्हणाला, मशीन आत्ताच नीट झाली आहे, उरलेल्या बैठका होऊ दे. सोमवार तीन दिवसांवर होता.

संध्याकाळी शेजारची सत्यशीला आली. ती कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होती. रहमतबीने तिला सगळं सांगितलं, फोटोसकट. सत्यशीला आधी पोटभर हसली.

"अय्यूबभाई, मागच्या साली आमच्या जिनिंगात कापसाच्या गठाणीले आतून आग लागली, तुमीच आलते ना पंप चालू करून द्याले?"

"आलतो."

"दोन टँकर पाणी मारलं. वरून चिंब झाली, आत तीन दिवस धुमसून राह्यली. काहून?"

"दाबून भरलेली असते. पाणी आत जात नाई. हवाही नाई, म्हून भडकत नाई, दबून राह्यते." हे तो कारागिराच्या सवयीने बोलून गेला आणि थांबला.

"मंग तवा तुमी जिनिंगच्या मालकाच्या नाकात नळी नाई घातली ते?"

रहमतबी पदराआड हसली. अय्यूबने चहाचा कप खाली ठेवला. बाईंचा तो गोल काढलेला कागद त्याने गॅरेजच्या डायरीत घडी करून ठेवला होता. तो काढून आणला आणि पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचला.

सोमवारी दोघं नागपूरला पोचली. बाईंनी रागावायचं टाळलं, तेच जास्त लागलं. "अकरा दिवस गेले," त्या म्हणाल्या. "त्यात गाठीचं काय झालं, ते दोन डोसांनंतर कळेल. आज काही सांगता येणार नाही."

नवीन औषधाची बाटली लागली. अय्यूब स्टुलावर बसून थेंब बघत होता, तेवढ्यात फोन वाजला. अतुल सर होते.

"मिस्त्री, दुसऱ्या मशीनचा पिवळा दिवा लागलाय. येता का? तुमच्यावाली एकदम फिट आहे, नवीन चार पेशंट बसवले."

अय्यूबने फोन बंद केला. पण आवाज रहमतबीपर्यंत पोचला होता.

"ती मशीन बंद पडली असती तं लोक घरी गेले असते," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुमीच चालू करून देल्ली."

अय्यूबने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "जाताना पुसदला उतरू. वॉल्व माझा आहे, काढून आणतो. अन् त्या चौघाईले बाईचा कागद दाखवतो."

"पूरा दाखवजा," रहमतबी म्हणाली. "आधी ही बाटली संपू द्या."