घासाआधीचा फोन

ट्रकच्या सीटांना कव्हरं शिवून शिवून मावशींची बोटं रेक्झिनसारखीच चिवट झाली होती. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर आणि मधल्या दारात शिलाई मशीन. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता गॅसवरच्या भातावरही डोळा ठेवता यावा म्हणून. येणारे ड्रायव्हर त्यांना मावशी म्हणत, मग सगळी गल्लीच म्हणू लागली.

त्यांचा मुलगाही ट्रकवर होता. पहिल्यांदा तो गाडी घेऊन निघाला, तेव्हा मावशींनी देवापुढे हात जोडून एक नेम धरला. दुपारी लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. साधा नेम, कुणाला त्रास न देणारा. निदान तेव्हा तसं वाटलं होतं.

ताट वाढलं की त्या फोन लावत. गाडी उतारावर असो की वळणावर, तो उचलायचाच. आई उपाशी बसलीय म्हटल्यावर कुठला लेक फोन नुसता वाजू देईल?

"जेवलास का रे?"

"तू जेव आधी. मी चालवतोय."

एवढंच. मग घास.

सून हसायची. "आई, भूक तुमच्या पोटात आणि घंटा त्यांच्या खिशात!"

"खिशात कुठे? समोर काचेला लावलेला असतो," मावशी म्हणायच्या, जणू तेवढ्याने सगळं ठीक होत होतं.

एका दुपारी त्याच्या "मी चालवतोय"च्या मागे, इंजिनाच्या घरघरीतून, एक बाई बोलली. "जेवलास का रे?"

मावशींनी फोन कानाशी दाबला. "गाडीत कोण आहे रे तुझ्या?"

"कोण असणार? मी आणि सिमेंटच्या गोण्या. त्या काही बोलत नाहीत अजून."

दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली, जास्त जवळून. "जेवलास का रे? बोल ना. गप्प का झालास?" आवाज घोगरा, दातांत दोरा धरून बोलावं तसा. थेट मावशींचाच.

त्यांनी फोन सुनेच्या कानाला लावला. सुनेला इंजिन ऐकू आलं, हॉर्न ऐकू आला, नवऱ्याचं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. बाकी काही नाही.

"रेंजचा खेळ असतो आई. तुमचाच आवाज फिरून येतो."

"मी न बोललेलं कसं फिरून येईल गं?"

सुनेने फोन परत दिला.

त्यानंतरच्या दुपारी तर लेक मजेत काहीबाही सांगत होता आणि त्याचं बोलणं चालू असतानाच ती बाई हाका मारत होती. "हॅलो राजा... अरे, हॅलो..." तिच्या हाकेमागे ना इंजिन होतं, ना हॉर्न. काहीच नव्हतं. मावशींनी घाईने फोन ठेवला. त्या दिवशी भात मातीसारखा लागला.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. हा आपलाच आवाज आहे, याबद्दल त्यांना आता शंका उरली नव्हती. अजून न लावलेल्या, पुढच्या कुठल्याशा फोनमधला. लेक उचलेल, आपण विचारू आणि तो बोलायचा मध्येच थांबेल. मग वाट एकच होती. तो फोन लावायचाच नाही.

पहाटे त्या देवापुढे बसल्या. "नेम मी मोडते आहे," हळूच म्हणाल्या. "काय ते माझ्या पदरात घाल. त्याच्या नको."

दुपारी सुनेने ताट वाढलं. मावशींनी फोनला हात लावला नाही. भाताचा घास उचलला, तसा फोनच वाजला. लेकाचा.

"उचला ना, आई! वाट बघून लावला असेल त्यांनी."

"उचलला तर तो एका हाताने चालवेल."

"आणि नाही उचलला तर?"

"पुन्हा लावेल. रस्ता सोडून खाली बघत लावेल." तेवढ्यात फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. त्यांनी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. "तुझाही बंद कर."

घास तोंडात होता, पण गिळवेना. मशीनच्या सुईखाली अर्धं कव्हर तसंच पडलं होतं. शेवटी सुनेला राहवेना. तिने आपला फोन सुरू केला आणि तो हातातच वाजला.

"आई बरी आहे ना?" लेक ओरडत होता.

मावशींनी फोन हिसकावला. "मी बरी आहे. तू गाडी चालवतोयस का?"

"नाही गं. तुमचे दोघींचे फोन बंद! मी घाबरून गाडी कडेला उभी केली. मागचा ट्रक हॉर्न मारत पुढे गेला आणि वळणावर भिंतीलाच..." त्याला धाप लागली होती. "मी त्याच्यापाशीच आहे. लोक बाहेर काढतायत ड्रायव्हरला. डोळे उघडत नाहीये."

मावशींना हायसं वाटलं. आणि वाटल्याबरोबर लाजही वाटली.

"त्याचा फोन पायाशी पडलाय, आई. चालूच आहे. तो बोलत होता वाटतं. पडद्यावर 'आई' लिहिलंय. काय सांगू मी त्यांना?"

आणि मग त्याच्या श्वासामागून, जवळून, घोगऱ्या आवाजात : "बोल ना. गप्प का झालास? हॅलो राजा..."

तोच आवाज. तो कधीच मावशींचा नव्हता.

त्यांनी मशीनची कड घट्ट धरली. "तू काही सांगू नकोस," त्या लेकाला म्हणाल्या. "तुझा फोन त्या फोनपाशी धर. मी बोलते."

काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग पलीकडे कुणीतरी कान देऊन थांबलंय, हे त्यांना कळलं.

काय बोलावं? मावशींना जन्मभराचा एकच प्रश्न येत होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

"नाही हो," ती बाई म्हणाली. "त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी घास घेत नाही."