गाळलेले अकरा आकडे

पाण्याच्या पोटात गाव निजलं गं बाई,
दार उघडं ठेवलं, दिवा विझलाच नाही...

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिचा तो आवाज ताईच्या कानातून गेला नव्हता. पुढचं कडवंही पाठ होतं, पण ते तिला कधीच आवडलं नाही. त्यात बाळाची होडी बुडालेल्या नगराच्या दाराशी जायची, आणि ताई? ताई काठावर कंदील धरून उभी. अंगाईतसुद्धा आईने तिला पाण्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

ते बाळ आता पन्नाशीला आलं होतं आणि समितीसमोर घाम पुसत उभं होतं. पाणबुड्या भाऊ. सात वर्षांपूर्वी त्याने समुद्राच्या तळाशी दगडांची सरळ भिंत शोधली होती. वर्तमानपत्रांनी भिंतीचं नगर केलं, आणि नगराने भावाला मोठं केलं. तेव्हापासून भाजीवालीसुद्धा ताईला निवडून भाजी द्यायची, 'तुम्ही त्यांच्याच बहीण ना' म्हणत. ती भाजी घरी नेऊन चिरताना ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिने बंदराच्या कार्यालयात छत्तीस वर्षं समुद्रच काढला होता, पण टेबलावर. मोजणीच्या होडीवरून खोलीचे आकडे यायचे. ती ते पेन्सिलीने कच्च्या तक्त्यावर मांडायची, मग पक्क्या नकाशावर सारख्या खोलीच्या रेषा शाईने ओढायची. तळवे कधी ओले झाले नाहीत. आज त्या नगराची शहानिशा करणाऱ्या समितीने जुने नकाशे मागवले म्हणून ती मागच्या रांगेत भेंडोळं घेऊन बसली होती. पक्क्याबरोबर कच्चा तक्ता आणायचा, हा तिथला नियम; कच्चा उघडून बघायचा नाही, ही तिथली रीत.

समितीतल्या भूगर्भवाल्या बाई शांतपणे समजावत होत्या. बर्फ वितळून समुद्र चढला आणि काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, हे खरं. पण किनाऱ्याची वाळूही दगडासारखी घट्ट होते आणि अशी सरळ तडकते, की माणसाला फरसबंदी वाटावी. ते त्यांनी तपासलं होतं. हा दगड त्या तळाचा नव्हता, आणलेला होता. प्रश्न एवढाच होता, की कधी? तीस वर्षांपूर्वी बंदराचा गाळ उपसला, तेव्हा बांधासाठी दगड भरून नेणारे तराफे तिथूनच जात. त्यातलेच पडले असतील तर?

मग त्यांनी गाळ उपसण्याच्या दोन वर्षं आधीचा पक्का नकाशा भिंतीवर लावला. भावाची भिंत जिथे होती, तिथे सपाट तळ. बारा मीटर, सगळीकडे बारा. कोपऱ्यात बारीक, नेटकी सही.

"हा नकाशा चुकलेला असू शकतो का?" बाईंनी विचारलं.

भाऊ नकाशाजवळ गेला. सही पाहून त्याचे खांदे पडले.

"नाही," तो म्हणाला. "ताईचा हात आहे हा. ताई कधी चुकत नाही."

जन्मभर हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला ती आसुसली होती. आज ते मिळालं, आणि आणखी काही करायचं नव्हतं; नुसतं गप्प बसायचं होतं. नगर आपोआप बुडालं असतं. उद्या भाजीवालीने तिला नुसतीच भाजी दिली असती.

भावाने टेबलावरचे फोटो गोळा करायला घेतले. लहानपणी भांडणात हरला, की गोट्या अशाच गोळा करायचा, मान वर न करता.

ताई उठली. भेंडोळ्याच्या आतला पिवळा तक्ता तिने टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर हात दाबून धरले. बारांच्या गर्दीत एका ओळीत अकरा आकडे होते. नऊ, साडेनऊ, नऊ. प्रत्येकाभोवती पेन्सिलीचा गोल.

"हे होडीवाल्यांनी बरोबर मोजलं होतं," ती बाईंना म्हणाली. "आमचे साहेब हसले. समुद्राला सरळ रेघ मारता येत नाही म्हणाले, खोली मोजायची दोरी अडकली असेल. मला ते पटलं नव्हतं. तरी पक्क्यावर घेताना मी हे अकरा गाळले. चूक माझी आहे."

बाई चष्मा लावून वाकल्या. एकेका गोलावरून त्यांनी बोट फिरवलं. "नगर म्हणू नका," शेवटी त्या भावाला म्हणाल्या. "पण तराफ्यांच्या आधीची आहे. भिंत म्हणा."

भाऊ तक्त्याकडे नाही, ताईकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"तुझा फोटो छापून आला त्या दिवसापासून," ताई म्हणाली. तक्त्यावरचे हात तिने उचलले नाहीत. "मला तुझा हेवा वाटायचा रे. आधी मी पाहिलं होतं ते."