दोन कोटी साठ हजार तीनशे चौदा

मी चौदा मार्च २००६ची प्रत बोलतेय. मी म्हणजे मराठी लिहायचं एक मुक्त सॉफ्टवेअर, तेही बनता बनता मधेच उचललेलं. अढीतला आंबा आठ दिवस आधी काढावा ना, तशी.

मला उचललं उर्जानं. ती जर्मनीत हायडेलबर्गला पीएचडी करायची आणि हौसेनं असली सॉफ्टवेअरं पॅकेज करून लोकांना द्यायची. एरवी पक्क्या आवृत्तीशिवाय ती कशाला हात लावत नसे. पण तिकडच्याच गेर्लिंगेन गावचे चंद्रशेखरकाका, तिच्या वडिलांचे मित्र, फोनवर अडूनच बसले. लीलाकाकू नुकत्या गेल्या होत्या. त्यांच्या आठवणी काकांना लिहायच्या होत्या.

"अगं, तुझ्या पक्क्या मालात जोडाक्षरं फुटतात. 'लग्न' लिहायला घेतलं की मोडतंच!"

माझ्यात ती जुळत होती. उर्जानं मला पॅकेज केलं आणि आवृत्तीच्या जागी नुसती तारीख टाकली: 20060314.

खोड एकच होती माझ्यात. फाइल मिटताना मी कधीकधी शेवटचं पान गिळायचे. मेमध्ये ती दुरुस्त करून पक्की २.० आली, उर्जानं तीही दिली.

"काका, अपडेट करा हं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काकांनी बटण दाबलं. यंत्रानं आवृत्त्यांचे आकडे ताडून पाहिले. कुठे दोन आणि कुठे दोन कोटी साठ हजार तीनशे चौदा! तुमच्याकडे नवीनच आहे, म्हणालं. मी राहिले तिथेच.

उन्हाळाभर काका लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी पान नसे. ते एकोणतिसाचा पाढा म्हणून डोकं तपासायला लागले. गाडीची किल्ली शेजाऱ्याकडे दिली. डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली.

सप्टेंबरात उर्जा भेटायला आली. काकांनी तिच्यासमोर अर्धं पान लिहिलं, मिटलं, उघडलं. गायब.

"बघितलंस? लीलाच पुसते. तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं तिला कधी आवडलं का?"

उर्जा हसली नाही. तिनं माझी तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुमचं डोकं शाबूत आहे. चूक माझी. तारखेआधी शून्य आणि टिंब टाकून ठेवायला हवं होतं, म्हणजे ती दोनपेक्षा लहान ठरून २.० आपोआप वर चढली असती."

काकांनी ती फाइल पुन्हा एकदा उघडून बघितली.

"म्हणजे लीला नव्हती तर," एवढंच म्हणाले.

उर्जानं मला तिथून हातानं काढलं. पण माझ्या प्रती आणखी कुठे कुठे आहेत, तिलाही ठाऊक नाही. आपण होऊन निघणं मला जमत नाही हो. काल लिहिलेलं आज सापडेना झालं, तर स्वतःवर शंका घेण्याआधी माझी तारीख बघा. आणि मला काढून टाका.