सातव्या गाण्यातल्या सोळा ओळी

माझा धंदा गाद्यांचा. नव्या शिवायच्या, जुन्या उसवून पुन्हा भरायच्या. लोकांच्या झोपेसाठी मी दिवसभर राबतो, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवतो आणि गिऱ्हाइकं तरीही घासाघीस करतात. दुपारी एक ते चार मात्र दुकानाचं शटर खाली आणि मी मागच्या गोदामात आडवा. गोदाम लांबट, छपराला एकच काच, भिंतींना लागून छतापर्यंत रचलेल्या गाद्या. तिथे टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात संपते. काचेखालच्या उजेडात कापसाचा भुरा तरंगत असतो. किती वेळ बघत राहिलं तरी तो खाली काही येत नाही, आणि बघता बघता डोळा लागतो.

माझी भाची त्या शांततेसाठी आली. बहिणीची एकुलती एक, बावीस वर्षांची. घरी तिला छोटी म्हणतात, आता ती माझ्याहून वीतभर उंच आहे तरीही.

“मामा, मला तुझं गोदाम हवंय. दुपारचं. हिपहॉपचा आल्बम करतेय.”

“म्हणजे ते हात नाचवत भांडतात, तसलं?”

“तसलंच. पण मी पेंगत भांडणार.”

“आणि स्टुडिओ काय ओस पडलेत?”

“तिथे आवाज परत येतो. इथे येत नाही. इथे डोक्यातल्या डोक्यात बोलल्यासारखं वाटतं.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. खरं सांगायचं तर तिने माझ्याकडे काही मागितलं याचंच मला बरं वाटलं. तिने कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, दिव्याच्या दोरीला माइक टांगला, दोन्ही बाजूंना जाड गाद्या उभ्या केल्या आणि मध्ये उभी राहिली. मी तीन थप्प्या सोडून पलीकडे, माझ्या नेहमीच्या गादीवर.

तीन महिने हे चाललं. गाण्यांसाठी तिने बाहेरचं एक वाद्य आणलं नाही. माझी वीतभर लांब सुई जाड कापडातून जाते तो ‘टच्’, मागून दोरा ओढला जातो तो ‘सुर्र’, जुना कापूस झोडायची काठी, शिलाई मशीनचं पायडल, सगळं तिने माइकमध्ये भरून घेतलं आणि मग इतकं संथ केलं की ओळखू येईना. सुईचा ढोल झाला. तीस वर्षं ती सुई माझ्या हातात आहे, पण ती इतकी दमलेली आहे हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या गाण्यात घोरण्याचा आवाज आहे, तो माझा. परवानगी विचारली नाही म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, “विचारली होती. तू घोरत होतास.”

गाद्यांमधून गाळून येणारे तिचे शब्द मऊ होऊन यायचे. बसच्या रांगेबद्दल, दुखऱ्या दाढेबद्दल, वरच्या मजल्यावर रोज कपाट सरकवणाऱ्या माणसाबद्दल. कोणते मी ऐकले आणि कोणते झोपेत मीच रचले, हे उठल्यावर सांगता यायचं नाही. त्या दुपारी मला फार आवडायच्या. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला फुकट कधी मिळालं नव्हतं.

सातवं गाणं तापाचं होतं. तापात काय काय दिसतं त्याचं. मासे खिडकीतून उडत येतात, शाळेचा जिना लोण्यासारखा होतो, शिकवणाऱ्या बाईंना डोकंच नसतं. मी अर्धवट पेंगत होतो. आणि मग तिचा आवाज आणखी खाली आला:

“ताप होता, सहा वर्षांची मी,
आईच्या खांद्यावर, पिशवी हातात तिच्या.
दार उघडलं, आत ढग होते रचून,
मामा म्हणाला जागा नाही, दार घेतलं लोटून.”

अशा सोळा ओळी. माझी झोप उडाली ती उडालीच.

ते खरं होतं. सोळा वर्षांपूर्वी माझी बहीण नवऱ्याचं घर सोडून निघाली ती सरळ माझ्याकडे आली होती. खांद्यावर तापाने फणफणलेली पोर. नवरा कसा होता ते मला ठाऊक होतं, तिने सांगायची गरज नव्हती. पण त्या नवऱ्याचं लॉज होतं, आणि त्या लॉजच्या चाळीस गाद्या माझ्या गोदामात तयार होत्या. माझं पहिलं मोठं काम. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणालो, जागा नाही. चाळीस गाद्या माझ्या पाठीमागे दिसत असताना. बहीण “बरं दादा” म्हणाली आणि गेली.

पुढे तिला बस डेपोत तिकीट खिडकीवर नोकरी लागली, तिने खोली घेतली, पोर वाढवली. वर्षभराने माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती डबा घेऊन आली आणि पुन्हा बोलायला लागली. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही, मीही मूग गिळून बसलो. छोटी लहान होती, विसरली असणार, असं मी धरून चाललो होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आता ती मूठ माझ्याच गोदामात, माइकपुढे उघडत होती.

त्या ओळी तिने एकोणीस वेळा म्हटल्या. एक शब्द लांबव, एक तोड, पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस वेळा मी ते दार लोटलं. विसाव्या वेळी मी उठलो.

“छोटे, ते काढ.”

“कुठलं?”

“ते दाराचं. मामाचं. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात.”

तिने कानावरचे हेडफोन उतरवले आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या केसांवर कापूस बसला होता. तिचा चेहरा असा झाला होता की मी नजर टेबलावरच्या कात्रीकडे वळवली.

“घरातल्या गोष्टी?” ती म्हणाली.

“मग काय तर.”

“बरं मामा,” ती म्हणाली, अगदी तिच्या आईच्या आवाजात.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. वाद नाही, रडारड नाही. मी पुन्हा आडवा झालो. थोड्या वेळाने, नुसतं आपलं विचारायचं म्हणून विचारलं, “मग तिथे आता काय म्हणणार?”

“काही नाही. सुई चालू राहील.”

आल्बमचं नाव ‘पेंग’. पहिले दोन महिने तो माझ्याशिवाय कुणी ऐकला नसावा. मग बस डेपोतल्या पोरींनी ऐकला, त्यांच्याकडून चालकांनी, आणि मग तो अंगात कणकण पसरावी तसा पसरला. गंमत म्हणजे लोक थांबायचे ते सातव्या गाण्याशी. मासे येतात, जिना मऊ होतो, आणि मग सोळा ओळींइतकी नुसती सुई. टच्, सुर्र. टच्, सुर्र. त्यात कोण बोलणार, तर ऐकणारा.

शेजारी केस कापणारी बाई आहे. तिने मला आरशातून सांगितलं, “त्या सोळा ओळींत मी माझ्या आईला रोज एक गोष्ट सांगते. ती गेली तेव्हा राहिलेली.” एका शिक्षकाने वर्गाला त्या सोळा ओळी लिहून आणायला सांगितल्या, तर निम्म्या मुलांनी हेडमास्तरांवर लिहिल्या आणि तो उपक्रम तिथेच आटोपला. दुसऱ्या शहरातून सहा जण आले, म्हणाले, आम्हाला ती शांतता रेकॉर्ड करायचीय. मी त्यांना एक डबल गादी विकली.

एकदा भर दुपारी मी बसने चाललो होतो. बस पाऊण भरलेली, खिडक्यांतून पिवळं ऊन. समोरच्या मुलीचे ओठ हलायला लागले. मग तिच्या मागच्या माणसाचे. मग दारापाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीचे, तिच्या कानात नातवाचे इअरफोन असावेत. आवाज कुणाचा नाही. सगळी बस झोपेत बडबडल्यासारखी, जो तो आपापल्या माणसाशी बोलत होता. मी एकटा तोंड मिटून बसलो होतो आणि मला आयुष्यात प्रथमच इतकं एकटं वाटलं.

मग एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. ही मोकळ्या ओळींची कल्पना कुणाची, असं त्याने छोटीला विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, “मामाची.” त्याने सुईसकट माझा फोटो काढला. मथळा आला, ‘मौनाचा कारागीर’. गिऱ्हाइकं माझा हात हातात घ्यायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेही मी पचवलं असतं, माझं पोट मोठं आहे. पण एके सकाळी डेपोत गेलो तर बहिणीच्या तिकीट खिडकीच्या काचेवर ते कात्रण चिकटवलेलं. समोरच्या माणसाला सुटे पैसे परत देताना ती सांगत होती, “हा माझा दादा बरं का.” मी रांगेतून मागच्या मागे निघालो.

रविवारी तिच्या घरी गेलो. ती गणवेशाला इस्त्री करत होती. मी चप्पलही काढली नाही, दारातच उभा राहून बोलायला लागलो.

“ते मौन-बिन काही नाही. छोटीने त्या ओळींत तुम्ही माझ्या दारात आलात ते म्हटलं होतं. मी काढायला लावलं.”

तिने इस्त्री उभी ठेवली. “तिने म्हटलं होतं?”

“शब्दन् शब्द.”

“दादा, तिला वाटतं ते स्वप्न होतं.” ती खुर्चीत बसली. “लहानपणी ताप आला की विचारायची, आई, ढगांनी भरलेलं घर होतं का गं? मामा दार लावत होता का? मी सांगायचे, तुला तापात दिसलं ते. मोठी झाल्यावरही विचारलं तिने दोनदा. मी हेच सांगितलं.”

“का पण?”

“तिला एकच मामा आहे. म्हटलं, तो तरी राहू दे.”

मी तिथेच, उंबऱ्यावर बसलो. रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बहिणीने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, “तू गप्प बसला असतास तर ते स्वप्नच राहिलं असतं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मासे, जिना, बिनडोक्याच्या बाई, सगळं मी ऐकलं होतं, आणि तरी ही यादी कसली आहे हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर ओढून गोदामात गेलो तर छोटी आधीच टेबलापाशी होती.

“आईचा फोन आला होता,” ती म्हणाली. “माफी मागत होती. खोटं बोलले म्हणून.”

“तुला आधीच कळलं होतं.”

“तू काढ म्हणालास तेव्हा. मासे काढ असं नाही ना म्हणालास.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस? चार शिव्या घालायच्यास. आल्बममध्ये घालायच्यास.”

“सोळा ओळी सोडल्या ना मोकळ्या,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी होत्या. बाकीचे उगाच घुसले.”

तिने गाणं लावलं, हेडफोन न लावता, सगळ्या गोदामाला ऐकू येईल असं. मी माइकपाशी जाऊन उभा राहिलो. वाटेत मी बरंच जुळवलं होतं. तो पहिला मोठा धंदा, माझी भीती, लोक काय म्हणाले असते, बहिणीचा नवरा किती वाईट होता. त्यातलं सगळं खरं होतं. मासे उडत गेले, जिना मऊ झाला, आणि सुई सुरू झाली.

एकेक ओळ जायला लागली. छोटी माझ्याकडे बघत नव्हती, मान खाली घालून टेबलावर बोटाने ताल धरत होती. मला वाटलं होतं तिला माझं सगळं ऐकायचं असेल. पण तिच्या बोटाकडे बघताना कळलं की सहा वर्षांच्या पोरीला एवढंच कळून घ्यायचं होतं, की तिने जे पाहिलं ते होतं की नव्हतं. दहा ओळी गेल्या. बारा गेल्या. मी तोंड उघडलं.

“जागा होती,” मी म्हणालो. “छोटे, खूप जागा होती.”